मणक्यांची संख्या कोणत्याच जनुकात लिहिलेली नसते

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत एक गफलत हमखास सापडते. प्रश्न असतो पृष्ठवंशी गर्भात शरीराचे खंड कसे पडतात हा, आणि उत्तर येतं फळमाशीच्या जनुकांच्या उतरंडीचं: बायकॉइड, मग गॅप जनुकं, मग पेअर-रूल, शेवटी सेगमेंट पोलॅरिटी. ओळ न् ओळ बरोबर, प्राणी तेवढा चुकलेला. यात विद्यार्थ्यांचा दोष कमी आणि नोट्सचा जास्त. फळमाशीवर पानंच्या पानं असतात आणि कोंबडी-उंदराची बोळवण दीड पानात होते, तीही बहुतेक वेळा सत्र संपता संपता.

फरक अगदी मुळातला आहे. फळमाशीच्या गर्भात सुरुवातीला केंद्रकांच्या मध्ये पेशीपटलाचा अडसरच नसतो. प्रथिनं एका टोकाकडून दुसरीकडे पसरतात, त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून केंद्रकांना आपली जागा कळते आणि सगळ्या खंडांचा आराखडा जवळजवळ एकदमच पडतो. हा जागेचा हिशेब झाला. मासा, कोंबडी, उंदीर, माणूस यांच्यात खंड एकामागून एक, डोक्याकडून शेपटीकडे, ठरावीक वेळानं सुटत जातात. हा वेळेचा हिशेब. माणसाला ३३ मणके देणारं असं एखादं जनुक नाही. जनुकांत असतं ते इतकंच, की अमुक प्रथिन तयार व्हायला किती मिनिटं लागतात आणि मोडायला किती. संख्या त्यातून बाहेर पडते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचा विषय पाठ करावा लागत नाही.

आधी डोळ्यांना काय दिसतं ते बघू. कोंबडीचं फलित अंडं ३८ अंश सेल्सिअसला साधारण ३६ तास उबवून फोडलं तर पिवळ्या बलकावर पांढुरकी चकती दिसते आणि तिच्या मधोमध काही मिलिमीटर लांबीचा गर्भ. डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली मध्यरेषेत न्यूरल ट्यूब (जिच्यातून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू होतात) आणि तिच्या दोन्ही अंगांना चौकोनी ठोकळ्यांची रांग, साधारण १० जोड्या. हे सोमाइट, म्हणजेच कायखंड. प्रत्येक ठोकळा आतून जवळपास पोकळ, भोवती पेशींचं एका थराचं आवरण. यातूनच पुढे मणके, बरगड्या, पाठीची त्वचा आणि धडाचे व हातापायांचे स्नायू तयार होतात. रांगेच्या मागे शेपटीकडे दोन्ही बाजूंना एकेक सपाट, काही न घडलेली पट्टी असते: प्रीसोमायटिक मेसोडर्म. पुढे आपण तिला नुसतं 'पट्टी' म्हणू. तिच्या पुढच्या टोकातून दर ९० मिनिटांनी एक जोडी तुटून वेगळी होते आणि मागच्या टोकाला नव्या पेशींची भर पडत राहते.

कोंबडीत ९० मिनिटं, झेब्राफिशमध्ये २८.५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास, उंदरात २ तास, माणसात सुमारे ५ तास. एकूण जोड्या झेब्राफिशमध्ये तिसाच्या थोड्या वर, कोंबडीत पन्नासेक, उंदरात ६५ च्या आसपास, माणसात ४२ ते ४४, आणि कॉर्न स्नेक या सापात ३०० हून जास्त. त्यातल्या शेपटीकडच्या काही नंतर विरून जातात.

१९७६ मध्ये जोनाथन कुक हा जीवशास्त्रज्ञ आणि क्रिस्टोफर झीमन हा गणितज्ञ यांनी कागदावर एक कल्पना मांडली. पट्टीतल्या प्रत्येक पेशीत एक घड्याळ चालू असावं आणि पुढून मागे सरकणारी एक सीमारेषा असावी. रेषा ज्या पेशींवरून जाईल त्या पक्व होतील, पण त्यांचा ठोकळा तुटेल तो घड्याळाच्या ठोक्यालाच. शिलाई मशीनवर टाका केवढा पडेल हे जसं सुईचा वेग आणि कापड सरकण्याचा वेग मिळून ठरवतात, तसंच हे. सोमाइटची लांबी म्हणजे सीमारेषेचा वेग गुणिले घड्याळाच्या एका फेरीचा काळ. त्या वेळी यातलं एकही जनुक कोणाला माहीत नव्हतं, पुढची २० वर्षं ही कल्पना जवळजवळ तशीच पडून राहिली.

१९९७ मध्ये ऑलिव्हिए पुर्के यांच्या गटानं, पालमेरिम या पहिल्या लेखिका, घड्याळ दाखवून दिलं. जनुक होतं सी-हेअरी-१, म्हणजे फळमाशीच्या 'हेअरी' या पेअर-रूल जनुकाचं कोंबडीतलं भावंड. वर ज्या गफलतीबद्दल लिहिलं तिच्यात थोडासा खरेपणा शिरतो तो इथे. त्यांनी एकाच वयाचे गर्भ घेऊन या जनुकाचा एमआरएनए, म्हणजे जनुक चालू असताना निघणारी त्याची नक्कल, कुठे आहे ते जांभळ्या रंगानं पाहिलं, तर प्रत्येक गर्भात चित्र वेगळं. कुठे पट्टीचा मागचा सगळा भाग रंगलेला, कुठे मधे एक रुंद पट्टा, कुठे पुढच्या टोकाला बारीक रेघ. एखाद्या प्रयोगशाळेत हे पाहून 'स्टेनिंग नीट आलं नाही' म्हणत स्लाइड्स टाकून दिल्या गेल्या असत्या.

त्यांनी केलं ते असं. गर्भाची शेपटीकडची बाजू मध्यरेषेवर उभी चिरली. डावा अर्धा लगेच फॉर्मलडिहाइडमध्ये, उजवा अर्धा पोषक द्रवावर ३८ अंशांना ठेवून ठरावीक वेळानं फिक्स. दोन्ही अर्धे पुन्हा शेजारी ठेवून तुलना. मधला वेळ ३० किंवा ६० मिनिटं असेल तर दोन्हीकडचं चित्र वेगळं. ९० मिनिटं असेल तर चित्र तेच, फक्त एक सोमाइट जास्त. एकाच गर्भाचे दोन भाग एकमेकांचे कंट्रोल, त्यामुळे 'हा गर्भ वेगळा, तो वेगळा' म्हणायला जागाच नाही. शिवाय पट्टीचे आडवे तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा आपापल्या वेळेला रंग बदलत राहिला. म्हणजे मागून पुढे काहीतरी वाहत जात नाही. पेशी जागच्या जागी राहतात आणि शेजारच्या पेशींच्या वेळेतल्या फरकामुळे लाट पुढे गेल्याचा भास होतो. कोंबडीतली एक पेशी पट्टीत शिरल्यापासून सोमाइटमध्ये जाईपर्यंत साधारण १२ फेऱ्या पुऱ्या करते. आमच्या मते विकास-जीवशास्त्रात इतक्या कमी सामानात इतकं सिद्ध करणारे प्रयोग थोडेच असतील: कात्री, एक प्रोब (एमआरएनएला चिकटून तो दाखवणारा तुकडा) आणि टायमर.

घड्याळ आतून कसं चालतं हे सगळ्यांत स्पष्ट कळलं उंदरात. तिथे मुख्य जनुक हेस-७. त्याचं प्रथिन स्वतःच्याच जनुकावर जाऊन बसतं आणि ते बंद करतं. जनुक बंद, नवं प्रथिन नाही, जुनं मोडून संपतं, जनुक पुन्हा चालू. ऐकायला सोपं, पण नुसत्या अशा स्वतःला दाबणाऱ्या फेऱ्यातून झोके येतीलच असं नाही. दाब लगेच बसला तर सगळं मधल्याच कुठल्यातरी पातळीवर स्थिरावतं आणि घड्याळ बंद पडतं. झोके यायला दोन गोष्टी लागतात: जनुक चालू झाल्यापासून प्रथिन कामाला लागेपर्यंत पुरेसा उशीर, आणि तयार झालेलं प्रथिन पटकन मोडणं.

र्योइचिरो कागेयामा यांच्या गटानं दोन्ही गोष्टींना हात घालून पाहिला. हेस-७ प्रथिनाचं अर्धायुष्य साधारण २२ मिनिटं. त्यांनी त्यातलं एक अमिनो आम्ल बदललं, दाबण्याची ताकद तशीच राहिली, पण अर्धायुष्य झालं ३० मिनिटं. फरक फक्त ८ मिनिटांचा. अशा उंदरात पहिले ३-४ झोके ठीक येतात, मग ते मंदावतात आणि मागचे सगळे मणके एकमेकांत गुंतलेले. दुसरा प्रयोग इंट्रॉनवरचा. हेस-७ मध्ये ३ इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकले जाणारे तुकडे, आहेत. ते वाचायला, कापून काढायला आणि आरएनए केंद्रकाबाहेर पडायला वेळ जातो. तिन्ही काढले तर जवळपास १९ मिनिटांचा उशीर नाहीसा होतो आणि झोकेच थांबतात. नंतर त्याच गटानं तीनपैकी दोनच काढले. उशीर सुमारे ५ मिनिटांनी कमी झाला, घड्याळ बंद न पडता जलद चाललं, आणि त्या उंदरांना मानेत आणि छातीच्या वरच्या भागात नेहमीपेक्षा जास्त मणके आले. इंट्रॉनला 'जंक' म्हणणाऱ्यांना हा प्रयोग वाचायला द्यावा. इथे इंट्रॉनमधल्या अक्षरांना महत्त्व नाही, त्यांच्या लांबीला आहे.

हेस-७ एकटं नाही. शेजारच्या पेशींत संदेश पोचवणाऱ्या नॉच मार्गातली डेल्टा-लाइक-१, डेल्टा-लाइक-३, लुनॅटिक फ्रिंज ही जनुकं याच चक्रात अडकलेली आहेत, विंट आणि एफजीएफ या दुसऱ्या संदेशमार्गांतलीही काही. सगळ्यांची नावं लिहीत बसण्यापेक्षा नॉचचं काम काय ते समजून घ्यावं, आणि ते झेब्राफिशमध्ये उत्तम दिसतं. (हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-भातखाचरांतला, आता पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेतही प्रयोगासाठी पाळला जातो.) १९९० च्या दशकात जर्मनीतल्या ट्युबिंगेनला झालेल्या मोठ्या म्युटंट शोधात काही मासे असे मिळाले, की पहिले काही सोमाइट व्यवस्थित आणि मग घोळ. त्यातल्या एकाचं नाव 'आफ्टर एट', दुसऱ्याचं 'डेडली सेव्हन'. पहिल्यात डेल्टा-डी बिघडलेलं, दुसऱ्यात नॉच-१ए. प्रश्न असा, की जनुक पहिल्यापासून बिघडलेलं असताना पहिले सात-आठ सोमाइट बरोबर कसे येतात? उत्तर मार्मिक आहे. प्रत्येक पेशीचं घड्याळ नॉचशिवायही चालतंच, आणि सुरुवातीला सगळी एकाच वेळेला लागलेली असतात. नॉच त्यांना एकमेकांशी जुळवून ठेवतं. तो दुवा तुटला की थोड्या-थोड्या फरकानं घड्याळं सुटी पडत जातात, आणि सात-आठ फेऱ्यांनंतर शेजारच्या दोन पेशींत ताळमेळ उरत नाही. तेव्हा स्टेनिंग केलं तर पट्ट्याऐवजी विस्कटलेले ठिपके दिसतात.

सीमारेषेचं काम एफजीएफ-८ आणि विंट-३ए या संदेश देणाऱ्या प्रथिनांचं. पट्टीच्या मागच्या टोकाला पेशी एफजीएफ-८ चा एमआरएनए बनवतात. पेशी जशी पुढच्या भागात येते तसं नवं बनणं थांबतं, जुनं हळूहळू मोडतं. म्हणून मागे जास्त, पुढे कमी असा उतार तयार होतो. पुढून, आधीच तयार झालेल्या सोमाइटकडून, रेटिनोइक आम्ल उलट दिशेनं दाब देतं. जिथे एफजीएफ ठरावीक पातळीखाली जातं ती सीमारेषा, आणि शेपूट लांबत जाते तशी ती मागे सरकते. कोंबडीच्या पट्टीत एफजीएफ-८ मध्ये भिजवलेला बारीक मणी ठेवला तर सीमारेषा मागे सरकायला उशीर करते आणि सोमाइट लहान पडतात. एफजीएफला रोखणारं एसयू-५४०२ हे औषध दिलं तर रेषा झपकन मागे जाते आणि सोमाइट मोठे. दोन्हीकडे घड्याळ तेच, वेग वेगळा. पुर्के यांच्याच गटाचं हे २००१ चं काम. सापाचं कोडंही यातच सुटतं. २००८ मध्ये कॉर्न स्नेकवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्याचं घड्याळ त्याच्या वाढीच्या वेगाच्या मानानं खूप जलद चालतं, म्हणून तेवढ्याच पट्टीतून लहान-लहान आणि पुष्कळ सोमाइट निघतात.

शेवटी भेग पाडण्याचं काम मेस्प-२ हे जनुक करतं. टीबीएक्स-६ हे प्रथिन आणि नॉच दोन्ही हजर आणि एफजीएफ गेलेलं, अशा जागी ते चालू होतं आणि पुढच्या सोमाइटचा पुढचा अर्धा कोणता, मागचा कोणता हे ठरवतं. हे अर्धे पुढे फार महत्त्वाचे. मज्जातंतू आणि न्यूरल ट्यूबच्या कडेतून निघणाऱ्या न्यूरल क्रेस्ट पेशी फक्त पुढच्या अर्ध्यातून वाट काढतात, मागचा अर्धा त्यांना अडवतो. आणि एक मणका एका सोमाइटपासून होत नाही. एकाचा मागचा अर्धा आणि त्याच्या पाठच्याचा पुढचा अर्धा मिळून एक मणका होतो. स्नायू मात्र जुन्याच सीमांवर राहतात, त्यामुळे प्रत्येक स्नायू दोन मणक्यांना जोडतो. तसं नसतं तर पाठ वाकलीच नसती. मौखिक परीक्षेत हा प्रश्न विचारून पाहा, दहातले आठ गप्प बसतात.

हॉक्स जनुकांबद्दल थोडक्यात, कारण त्यांना इथे नको इतकं ओढलं जातं. हॉक्स ठरवतात मणका मानेचा की छातीचा. भेग कुठे पडेल हे त्यांचं मुख्य काम नाही. कोंबडीतली छातीच्या भागाची पट्टी कापून मानेच्या जागी लावली तरी तिथे बरगड्या येतात, म्हणजे ओळख पट्टीत असतानाच ठरलेली असते. एवढं पुरे.

आता हे पुण्यात बसून प्रत्यक्ष कसं पाहायचं. पुण्याला याची परंपराही आहे. एडिंबरोला विकास-जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर वाढवून त्यावर प्रयोग करण्याचं काम कितीतरी वर्षं केलं. सामान आजही फारसं महाग नाही. अडचणी येतात त्या बहुतेक अंड्यांच्या आणि तापमानाच्या.

किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. हॅचरीतून 'उबवणीची अंडी' म्हणून मागावीत. पुण्याच्या आसपास हॅचऱ्या भरपूर आहेत, फक्त थोडी अंडी द्यायला त्या कंटाळतात, म्हणून दोन-तीन कॉलेजांनी मिळून ऑर्डर द्यावी. आणताना ट्रेमध्ये अंड्यांची टोकदार बाजू खाली. आपल्या रस्त्यांवरून आलेली अंडी निदान रात्रभर स्थिर ठेवावीत, नाहीतर आतली हवेची पिशवी सुटलेली निघते. साठवण १३ ते १५ अंशांना, आठवड्याच्या आत वापर. घरगुती फ्रिजचे ४ अंश फार थंड, गर्भाचं नुकसान होतं. उलट बाजूचा धोका आपल्याकडे मोठा. साधारण २० ते २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते. एप्रिल-मेमध्ये पुण्यातली खोली ३५ च्या पुढे असते. टेबलावर दोन दिवस राहिलेल्या अंड्यात गर्भ थोडा वाढून मरतो किंवा वेडावाकडा होतो, मग मुलं म्हणतात 'इनक्यूबेटर खराब आहे'. एक जुना वाइन-कूलर किंवा थर्मोस्टॅट लावलेला फ्रिज हा प्रश्न सोडवतो.

अंडी आडवी ठेवावीत, वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करावी, गर्भ त्याच बाजूला येतो. ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, आत पाण्याचा ट्रे. गुरुवारी महावितरणची देखभाल-दुरुस्ती असते हे लक्षात ठेवून वेळापत्रक आखावं. तापमान उतरलं की गर्भ मरतोच असं नाही, पण घड्याळ मंदावतं आणि तासांवरून काढलेला अंदाज चुकतो. म्हणून वय कधीही तासांत लिहू नये, सोमाइटच्या जोड्यांत लिहावं. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या १९५१ च्या तक्त्यात म्हणूनच टप्पा ७ ला १ जोडी, ८ ला ४, ९ ला ७, १० ला १०, ११ ला १३, १२ ला १६ असं दिलंय. टप्पा १० साठी ३३ ते ३८ तास धरावेत आणि लागतील त्याच्या दीडपट अंडी लावावीत.

मोजताना नेहमीची चूक पुढच्या टोकाला होते. अगदी पहिली जोडी पहिल्यापासूनच अस्पष्ट असते आणि दहा जोड्यांच्या सुमाराला विस्कटू लागते, म्हणून कोणी ती धरतं, कोणी सोडतं. आधी ठरवून घ्या आणि वहीत लिहा. मागच्या टोकाला फक्त ज्याच्या मागे पूर्ण भेग दिसते तोच सोमाइट धरायचा. अर्धवट वळलेला ठोकळा एस-शून्य म्हणून वेगळा नोंदवायचा.

पदवीच्या वर्गासाठी खिडकीची पद्धत पुरते. आधी सिरिंजनं अंड्याच्या टोकाकडून २ ते ३ मिली पांढरं काढून घ्या म्हणजे गर्भ कवचापासून खाली बसतो. ते छिद्र टेपनं बंद करा. मग वरच्या बाजूला टेप लावून कात्रीनं साधारण २ सेंटिमीटरची खिडकी. गर्भ दिसत नसेल तर रिंगर या क्षारद्रावणात दहापट पातळ केलेली काळी ड्रॉइंग इंक बारीक सुईनं चकतीखाली सोडा. शेलॅक असलेली शाई नको, ती विषारी ठरते. जोड्या मोजा, टेपनं खिडकी बंद करा, इनक्यूबेटरमध्ये परत, ३ तासांनी पुन्हा मोजा. दोन जोड्या वाढलेल्या दिसायला हव्यात. एकच वाढली असेल तर बहुधा अंडं बाहेर फार वेळ राहिलं, किंवा इनक्यूबेटरचं दार वर्गातल्या प्रत्येकानं एकेकदा उघडलं.

गर्भ बाहेर वाढवायचा असेल तर फिल्टर पेपरची पद्धत सगळ्यांत सोपी, २००१ मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी दिलेली. १२० मिली पातळ पांढरं ४९ अंशांच्या वॉटरबाथमध्ये. दुसऱ्या बाटलीत १२० मिली सलाइन, लिटरला ७.१९ ग्रॅम मीठ या प्रमाणात, त्यात ०.७२ ग्रॅम अगार उकळून विरघळवलेलं आणि मग ४९ अंशांपर्यंत थंड केलेलं. दोन्ही एकत्र ढवळून ३५ मिलिमीटरच्या प्रत्येक डिशमध्ये सुमारे २ मिली. ४९ च का? खूप वर गेलं तर पांढऱ्याची ऑम्लेटसारखी साय धरते, ४० च्या खाली गेलं तर अगार बाटलीतच गोठतं. फिल्टर पेपरचे चौकोन कापून त्यांना मधोमध भोकं पाडायची. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या साध्या कागदी पंचनं एकमेकांत मिसळणारी दोन भोकं पाडली की गर्भाला पुरेल एवढी लांबट खिडकी होते.

अंडं मोठ्या डिशमध्ये फोडा, गर्भ वर आणा. त्यावर घट्ट पांढऱ्याचा थर असतो, तो टिश्यू पेपरनं कडेकडेनं ओढून काढणं ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. थर राहिला तर कागद चिकटत नाही आणि उचलताना गर्भ घसरतो. पेपर ठेवा, गर्भ खिडकीच्या मधोमध, कडेनं बलकावरचा पडदा कापा, तिरका उचला, सलाइनमध्ये हळू हलवून बलक धुवा आणि पोटाची बाजू वर येईल असा अगारवर ठेवा. कागद पडद्याला ताणून धरतो, त्या ताणाशिवाय गर्भ वाकडा वाढतो. खाली बुडबुडा राहिला तर तिथली वाढ खुंटते, वर पाणी साचलं तर गर्भ गुदमरतो, डिश ओल्या डब्यात ठेवली नाही तर रात्रीत वाळतो.

सी-हेअरी-१ किंवा लुनॅटिक फ्रिंजचं स्टेनिंग करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या प्रोटोकॉलच्या कागदावर सहसा नसतात. पहिली, अंडं इनक्यूबेटरमधून काढल्यापासून ४ टक्के पॅराफॉर्मलडिहाइडमध्ये जाईपर्यंतचा वेळ. टेबलावर २० मिनिटं पडलेला गर्भ म्हणजे फेरीचा जवळपास पाव भाग, तोही थंड होत जाताना वेग बदललेला. सगळे गर्भ गोळा करून एकदम फिक्स करू नका, एकेक करून करा. दुसरी, रंग कुठे थांबवायचा. एनबीटी-बीसीआयपी हा रंग देणारा द्रव अंधारात ठेवून दर १५-२० मिनिटांनी पाहत राहायचं. साध्या जनुकात जास्त रंग आला तर चित्र गडद होतं, एवढंच. इथे जास्त रंग आला तर मागचा पूर्ण भाग निळा होऊन फेरीतला टप्पाच पुसला जातो. प्रोटीनेज-के, म्हणजे प्रोब आत शिरावा म्हणून ऊती सैल करणारं विकर, या वयाला १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ५ ते १० मिनिटं पुष्कळ. जास्त झालं तर शेपटी गळून पडते, नेमका हवा तो भाग. आणि न्यूरल ट्यूबच्या पोकळीत प्रोब अडकून दिसणारा निळा रंग हा खरा रंग नव्हे. सेन्स प्रोबचा (जो एमआरएनएला चिकटत नाही) कंट्रोल नेहमी लावा.

माणसात हे घड्याळ बिघडतं तेव्हा मणके अर्धे, पाचरीसारखे किंवा जोडलेले निघतात, बरगड्या एकमेकींना चिकटतात. स्पॉन्डिलोकॉस्टल डिसॉस्टोसिस या दुर्मिळ आजारात २००० सालापासून एकेक जनुक सापडत गेलं: डेल्टा-लाइक-३, मेस्प-२, लुनॅटिक फ्रिंज, हेस-७. वर आलेलीच सगळी नावं. डेल्टा-लाइक-३ बिघडलं की पूर्ण कणा बिघडतो, मेस्प-२ मध्ये छातीचा भाग जास्त आणि कंबर तुलनेनं वाचते. हे प्रकार अप्रभावी, म्हणजे आईवडील दोघेही वाहक असतील तेव्हाच दिसणारे. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत त्यांची शक्यता वाढते, आणि असं एक मूल झालेल्या जोडप्याला पुढच्या प्रत्येक वेळी धोका चारात एक. जनुकीय समुपदेशन इथे उपचाराइतकंच महत्त्वाचं.

जन्मजात स्कोलिओसिस, म्हणजे जन्मतःच कणा बाजूला वाकलेला असणं, याहून कितीतरी जास्त आढळतो, साधारण हजारात एक. त्यातल्या बहुतेकांत एक-दोनच मणके बिघडलेले असतात आणि घरात आधी कोणालाच काही नसतं. २०१५ मध्ये चीनमधल्या रुग्णांवरच्या अभ्यासात जवळपास दहातल्या एकात टीबीएक्स-६ ची एक प्रत पूर्ण गेलेली आणि दुसरी प्रत किंचित मंद, असा दुहेरी प्रकार सापडला. मंद प्रत एकटी असेल तर काही होत नाही. उंदरांत असंही दिसलंय, की हेस-७ किंवा मेस्प-२ ची एकच प्रत असलेल्या गर्भाच्या आईला सोमाइट पडण्याच्या काळात काही तास कमी प्राणवायू मिळाला तर मणक्यांचे दोष कितीतरी वाढतात. इथे जनुकाची एक बिघडलेली प्रत एकटी सहसा पुरत नाही, एकटा प्राणवायूचा तुटवडाही सहसा नाही. आईच्या अनियंत्रित मधुमेहाचा धोका माणसातही ठाऊक आहे. इथे वेळ महत्त्वाची: सोमाइट पडायला लागतात गर्भधारणेनंतर साधारण २० व्या दिवशी, तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. साखर आटोक्यात आणायची ती त्याच्या आधी, पहिल्या सोनोग्राफीनंतर नव्हे.

बाळाच्या एक्स-रेत अर्धा मणका दिसला की फक्त कण्याकडे पाहून थांबू नये. त्याच आठवड्यांत मूत्रपिंडं आणि हृदयही घडत असतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी आणि टूडी-एको करून घ्यावी. शस्त्रक्रिया ठरली तर आधी पूर्ण कण्याचा एमआरआय, कारण आत मेरुरज्जू खाली बांधलेला किंवा दुभंगलेला असू शकतो आणि कणा सरळ करताना तो ताणला जातो. बाहेरून बांधायच्या पट्ट्यानं (ब्रेसनं) अर्धा मणका पूर्ण होत नाही. वाक किती वेगानं वाढेल हे बिघाड कोणत्या प्रकारचा आणि कुठे आहे यावर ठरतं. एका बाजूला मोकळा अर्धा मणका आणि त्याच पातळीवर दुसऱ्या बाजूला मणके जोडणारी हाडाची पट्टी असा जोड असेल तर वाक सगळ्यांत झपाट्यानं वाढतो, आणि तिथे 'मूल मोठं होऊ द्या, मग पाहू' हा सल्ला चालत नाही.